चार रकान्यांत एकच 'मृत्युंजय'

नमस्कार. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही अकरा जणांनी वाचनगट काढलाय. सर्वांत धाकटी सभासद १९ वर्षांची, सर्वांत मोठे काका ७४ चे. गुढीपाडव्याला ठरलं की वर्षभरात प्रत्येकाने बारा साहित्यप्रकारांतली बारा पुस्तकं वाचायची. मी हौसेने तक्ता केला: कादंबरी, कथासंग्रह, कविता, नाटक, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, विनोदी, विज्ञानकथा, रहस्य-भय, वैचारिक, अनुवाद. तो लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावला आणि तिथून घोळ सुरू झाला. काका ऐतिहासिक सोडून काही हातात धरत नाहीत. कॉलेजच्या दोघी मुली इंग्रजी फँटसीवर अडून बसल्यात. एक ताई म्हणतात, भुताखेतांचं वाचायचं असेल तर मी गटातून बाहेर. कवितेच्या रकान्यात तीन महिन्यांत एकही टिक नाही. आणि एका सभासदांनी 'मृत्युंजय' हे एकच पुस्तक कादंबरी, चरित्र, आत्मचरित्र आणि वैचारिक अशा चार रकान्यांत लिहून टाकलंय. विचारलं तर म्हणतात, "कर्ण स्वतःच बोलतो ना? मग आत्मचरित्रच की!" पुस्तकं मीच निवडून द्यावीत का? सगळ्यांनी एकच वाचावं की आपापलं? ऑडिओ धरायचं का? एखादी यादी द्याल का?
– संयोजक होऊन फसलेली एक वाचक

ताई,

'मृत्युंजय'वाल्या सभासदांना माझा सलाम सांगा. त्यांच्या हिशेबाने बघायचं तर त्या कादंबरीत कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही स्वतःच बोलतात, म्हणजे एकाच पुस्तकात सहा आत्मचरित्रं झाली. माणसाने तसं कमीच मागितलंय. पण नियम आजच करून टाका: एक पुस्तक, एक रकाना. कुठला रकाना ते वाचणाऱ्याने ठरवावं, एकदाच ठरवावं आणि नंतर बदलू नये. काही पुस्तकं खरोखरच दोन-तीन प्रकारांत बसतात आणि तो वाद रंगतो, तेव्हा तो होऊ द्या. टिक मात्र एकच.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमच्या तक्त्यात दोष फारसा नाही, निवडीच्या पद्धतीत आहे. ज्याला जो प्रकार आवडत नाही, त्यातलं पुस्तक त्यालाच निवडायला लावलंत. कारलं न खाणाऱ्याला मंडईत कारली आणायला पाठवलं तर तो जून, कडू आणि बियांनी भरलेलीच घेऊन येणार. कविता न वाचणारा माणूस कवितेच्या कपाटापुढे उभा राहिला की एक तर सगळ्यांत नावाजलेला, अवघड संग्रह उचलतो, नाहीतर सगळ्यांत पातळ. दोन्ही दहा पानांत बंद होतात आणि "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला तो मोकळा.

म्हणून निवड उलटी करा. प्रत्येक महिन्याला एक प्रकार आणि त्या प्रकाराचा एक यजमान. यजमान तोच ज्याला तो प्रकार मनापासून आवडतो. पण त्याने पुस्तक निवडायचं ते गटातल्या सगळ्यांत नाखूश सभासदासाठी. स्वतःचं सर्वांत लाडकं पुस्तक द्यायला मनाई, कारण लाडकी पुस्तकं बहुधा मुरलेल्या वाचकाची असतात. पहिल्या भेटीत कुणाच्या गळ्यात काय मारू नये, हे त्या प्रकारात मुरलेल्यालाच कळतं. शिवाय दीडशे-दोनशे पानांची मर्यादा घाला. नोकरी, शाळा, लोकल सांभाळून महिन्यात तेवढंच होतं.

तुमच्या काकांचंच बघू. त्यांना ऐतिहासिकचं यजमानपद द्या आणि सांगा, पुस्तक त्या १९ वर्षांच्या मुलीसाठी निवडायचंय. ते 'श्रीमान योगी'कडे हात नेतील. हात धरा. त्याऐवजी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' सुचवा. वरसईचे विष्णुभट गोडसे घरची गरिबी फिटावी म्हणून उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. साल निघालं १८५७ चं. वाटेत बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते नंतर लिहून काढलं. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. त्यात ना तलवारींचे खणखणाट, ना पल्लेदार संवाद. भूक आहे, भीती आहे, पैशाची चिंता आहे आणि भटजींचा खमंग चौकसपणा आहे. इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या असं वाटणाऱ्या मुलीला हे चालेल. हे इतिहासात धरायचं, प्रवासवर्णनात की आत्मचरित्रात, यावर भांडा. वर म्हटलं तो रंगणारा वाद हाच.

आणि काकांना विज्ञानकथेच्या महिन्यात काय द्यायचं? जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. काका शेवटच्या पानापर्यंत जातील, आणि मग पुंज सिद्धान्ताबद्दल, म्हणजे क्वांटम थिअरीबद्दल, प्रश्नही विचारतील. त्या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात होतं, तेव्हा तुमच्या मुलींपैकी कुणी ते वाचलेलं असणंही शक्य आहे. काका आणि त्या एकाच गोष्टीवर बोलतील. नारळीकरांचं आणखी एक सांगायला हवं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून. बक्षीस जगतापांना मिळालं. तुमच्या गटातही एकदा पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून वाटून बघा. लेखकाचं नाव झाकलं की "हा आपला नव्हे" ही कुरकुर निम्म्यावर येते.

भुतांना घाबरणाऱ्या ताईंना सक्ती करू नका. प्रत्येकाला वर्षात एक रकाना कारण न सांगता टाळायची मुभा द्या. कुणाच्या घरी नुकतंच काही घडलेलं असतं, कुणाला आजारपणाचं वाचवत नाही. कारण विचारायचं नाही. पण एकच. त्यातही ताईंना आधी विचारा, कारण तुम्ही रहस्य आणि भय एका खोलीत कोंडलंय. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरींच्या गूढकथा नको असतील तर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार आहे. या गृहस्थांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यातली एक वाचायला एक दुपार पुरते. त्यांना साहित्य म्हणायचं की नाही हा प्रश्न तुमच्याकडे कुणीतरी काढेलच. दोन पिढ्यांना वाचनाची चटक त्या पुस्तकांनी लावली, एवढं सांगा आणि चहा द्या.

कवितेचा रकाना रिकामा का राहिला? कारण तुम्ही 'कवितासंग्रह वाचून संपवा' असं सांगितलंत. कवितासंग्रह संपवायचा नसतो. त्या महिन्यात पुस्तक रद्द करा. प्रत्येकाने एक कविता आणावी आणि मोठ्याने वाचावी, बस्स. बहिणाबाईंपासून सुरुवात करा. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात होत्या आणि मुलगा सोपानदेव व इतरांनी ते टिपून ठेवलं. पुस्तक आलं १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. ते मुळात ऐकायचंच. तुमच्या इमारतीत जळगाव-भुसावळकडचं कुणी असेल तर त्यांनाच वाचायला द्या. पुणेरी उच्चारात ते शब्द अवघडून बसतात. त्याच बैठकीत दुसरी कविता नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'मधली ठेवा. १९७२ चं पुस्तक, तेंडुलकरांची प्रस्तावना. काहींना धक्का बसेल, एखादे सभासद उठूनही जातील. जाऊ द्या. दोन्ही मराठीच आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर एकाच संध्याकाळी कानावर पडलं की पुढच्या महिन्यात कवितेला कुणी नाक मुरडत नाही. नारायण सुर्वे मधे ठेवलेत तर उडी थोडी सोपी होईल.

नाटकालाही तेच. एकट्याने नाटक वाचणं कंटाळवाणं होतं, हे उगाच लपवू नये. भूमिका वाटून घ्या. तुम्ही अकरा जण आहात, तेव्हा तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' छान बसेल. गावातल्या एका हॉलमध्ये जमलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, आणि बघता बघता बेणारेबाई खरोखरच्या आरोपी होतात. १९६७ चं नाटक आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वाचायला याहून योग्य जागा नाही. फक्त त्या खटल्यातला न्यायाधीश काशीकर कुणाला द्यायचा ते आधी ठरवून ठेवा. जो हौसेने मागेल त्याला मुळीच देऊ नका.

वैचारिक म्हटलं की लोक जांभई देतात. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' द्या. बुलढाण्याच्या ताराबाईंनी हे १८८२ साली लिहिलं. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांवर चिखलफेक सुरू झाली, त्याला हे उत्तर. चिडून लिहिलंय, टोमणे मारत लिहिलंय, आणि एका बैठकीत संपतं. जांभई द्यायला वेळच मिळत नाही.

आता तुमच्या तक्त्याबद्दल माझी एक तक्रार. तो कुठल्यातरी इंग्रजी चॅलेंजवरून उतरवल्यासारखा दिसतोय. फँटसीवाल्या मुलींना रकाना नाही हे तर सोडाच, पण मराठीत शंभर वर्षं बहरलेलं ललितगद्य कुठाय? चरित्र आणि आत्मचरित्र एकत्र करा आणि मोकळा झालेला रकाना ललितला द्या. तिथे माझी शिफारस दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ची. मराठी महिन्यांवरचे लेख आहेत, चैत्रापासून. ते सलग वाचू नका. ज्या महिन्यात आहात त्या महिन्याचा लेख त्या महिन्याच्या बैठकीत एकाने मोठ्याने वाचायचा. आत्ता आषाढ आहे, तिथून सुरू करा. दुर्गाबाई झाडाच्या पानाचा रंग बदलताना ज्या बारकाईने बघतात, ती सवय घोडबंदर रोडच्या कडेला उरलेल्या झाडांनाही लागू पडते.

याहून मोठी अडचण रकान्यांमुळे दिसतच नाही. प्रकार बारा घेतले तरी लेखक बाराही एकाच आळीतले असू शकतात. कादंबरी पुण्याची, प्रवासवर्णन पुण्याहून लंडनचं, विनोद सदाशिव पेठेतला आणि आत्मचरित्र दादरच्या डॉक्टरांचं. तक्ता पूर्ण भरला, पण सगळ्या पुस्तकांतला स्वयंपाकघराचा वास एकच! म्हणून वर्षाची यादी झाली की महाराष्ट्राचा नकाशा शेजारी ठेवून बघा. विदर्भातलं काय आहे? उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या, १९६० ची, त्यातली कौतिक वाचणाऱ्याला सोडत नाही. माणदेशातलं? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', आणि माणसंच नकोत असं कुणी म्हटलं तर त्यांचीच 'सत्तांतर', तिची पात्रं वानरं आहेत. दोन्ही तुमच्या पानांच्या मर्यादेत बसतात.

आत्मचरित्रात तर हे काटेकोरपणे पाळा, नाहीतर तो रकाना नटनट्या आणि निवृत्त अधिकारी खाऊन टाकतात. तिथे दोन पुस्तकं जोडीने ठेवा. एक लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागाने आलेली. नवरा धर्म बदलतो, संसाराची उलथापालथ होते, आणि ही बाई स्वतःवरही हसत ते सांगते. जाड आहे, तेव्हा एकच भाग घ्या. दुसरं दलित आत्मकथन: दया पवारांचं 'बलुतं', १९७८ चं, किंवा फलटणच्या बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं', जे त्यांनी बरीच वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. अर्ध्यांनी एक वाचायचं, अर्ध्यांनी दुसरं, आणि बैठकीत एकमेकांना सांगायचं. "आमच्या लहानपणी असंच होतं" असं काका म्हणतील, तेव्हा दुसऱ्या पुस्तकाचे वाचक सांगतील की कुणाच्या लहानपणी काय होतं.

यातच तुमच्या 'एकच की आपापलं' या प्रश्नाचं उत्तर आलं. अकरा जणांना एकच पुस्तक म्हणजे अकरा प्रती, आणि त्या मिळत नाहीत. आपापलं म्हणजे कुणीच कुणाचं काही वाचलेलं नाही, मग बैठकीत नुसते अहवाल. एका प्रकारात दोन किंवा तीन पुस्तकं, हा मधला मार्ग बरा. कविता आणि नाटक मात्र सगळ्यांनी एकत्र.

पुस्तकं मिळवायची कुठून? ताई, तुम्ही ठाण्यात राहता! १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या गावात आहे. दोघा-तिघांनी सभासदत्व घ्या. पुस्तक घेताना आतली तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी बघायची सवय लावा. यजमानाने सुचवलेल्या दोन पुस्तकांत अडलात तर ती चिठ्ठी पुष्कळ सांगते. दर महिन्याला शिक्का असलेलं पुस्तक लोकांना आवडतं, हे उघड आहे. पण तीस वर्षांपूर्वीचे भराभर शिक्के आणि मग एकदम शुकशुकाट, असं पुस्तक दिसलं तर ते आवर्जून घ्या. एका पिढीने ते हातोहात नेलं आणि पुढचीने विसरून टाकलं. त्यातून काही गमती निघतात, काही वेळा का विसरलं तेही कळतं.

गटावर पीडीएफ फिरवू नका. हे मी तुम्ही न विचारताच सांगते, कारण ते सुरू झालेलं असणार. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. म्हणजे ताराबाई, गोडसे भटजी, लक्ष्मीबाई, गडकरी आणि चिमणराव-गुंड्याभाऊंचे चिं. वि. जोशीसुद्धा आता सगळ्यांचे झाले. त्यांची मूळ पुस्तकं खुशाल मोबाइलवर वाचा. पण हयात लेखकाचं गेल्या वर्षीचं पुस्तक 'फॉरवर्डेड' म्हणून आलं तर ते पाठवणाऱ्यालाच पुढच्या महिन्यात एक प्रत विकत आणायला लावा.

इंग्रजीवाल्या मुलींशी तह करा. बारांपैकी दोन रकाने कुठल्याही भाषेत चालतील, फक्त बैठकीत मराठीतून सांगायचं. आणि त्यांना फँटसीचं यजमानपद द्या, विज्ञानकथेच्या जोडीने. काकांसाठी त्या काय निवडतात ते मला कळवा. अनुवादाच्या रकान्यात मात्र एक अट घाला: दुसऱ्या भारतीय भाषेतून आलेलं पुस्तक. नाहीतर तिथेही इंग्रजीच शिरेल. कन्नड कादंबरीकार भैरप्पांना मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णींचं 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन यजमानाने आधी चाळावं. नवरा विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि त्या ते ऐकत मराठीत लिहायच्या. कन्नड लिपी वाचता येत नसताना एवढं काम उभं राहिलं.

तेव्हा ऑडिओ धरायचं का, असं विचारूच नका. धरायचं. श्रावणात एकाने पोथी वाचायची आणि घराने ऐकायची, ही पद्धत आपल्याला नवी नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तुम्ही टिक नाकारणार आहात का? युट्यूबवरचा दहा मिनिटांचा सारांश मात्र धरू नका, आणि दुप्पट वेगाने ऐकलेलं ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडा.

तो तक्ता लिफ्टजवळून काढा. येणारा-जाणारा कुणाचे किती टिक झाले ते मोजतो आणि मागे पडलेले जिन्याने जायला लागतात. एक वही करा. अर्धवट सोडलेलं पुस्तकही त्यात लिहायचं, कितव्या पानावर सोडलं आणि का, यासकट. त्याला अर्धा टिक. का सोडलं याची चर्चा पुष्कळदा पूर्ण वाचलेल्यापेक्षा चांगली होते.

यजमान अकरा आणि महिने बारा, तेव्हा एक महिना उरतो. तो दिवाळीचा ठेवा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, लेख, विनोद, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य एकाच मुखपृष्ठाखाली मिळतंय. त्या महिन्यात प्रत्येकाने एकेक वेगळा अंक घ्यावा आणि आठवड्याने शेजारच्याला द्यावा. पुष्कळ वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती दसऱ्याच्या आत भरा. पैसेही तेव्हाच गोळा करा, कारण एकदा फराळाच्या याद्या सुरू झाल्या की वाचनगटाच्या वर्गणीला कुणी दार उघडत नाही.